"प्लॅनिंग म्हणजे नेमकं काय हो, मॅडम?"

मी करिअर समुपदेशक. बारावीचा निकाल लागला की शहर नियोजनाच्या अभ्यासक्रमाबद्दल हा प्रश्न माझ्याकडे येतोच. "कॉम्प्युटर सोडून प्लॅनिंग म्हणतेय," एवढं बोलून पालक थांबतात.

मानसी (नाव बदललंय) आणि तिचे बाबा चार वेळा आले. पहिल्या दोन भेटी पगारातच गेल्या. मग मी माझा नेहमीचा प्रश्न टाकला, "कुणी न सांगता काय करत बसतेस?" 'काय व्हायचंय' विचारलं की मुलं ऐकलेलं उत्तर देतात, असं माझं ठाम मत आहे.

ती गप्प. बाबाच म्हणाले, "पाणी मोजत फिरायची."

25 जुलै 2024. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला आणि पुण्यात सिंहगड रोडला त्यांच्या एकतानगरीत पाणी शिरलं. ओसरल्यावर मानसी टेप घेऊन भिंतींवरचे चिखलाचे डाग मोजत होती. "मी ओरडलो. गाळ काढायचा सोडून हे काय!"

पुढच्या वेळी मानसीने त्या मोजमापांची वही आणली. फुगलेली पानं, प्रत्येक गेटपाशी इंचांत आकडा. बाबा पानं उलटत राहिले. मी मध्ये बोलले नाही. हे मला उशिरा जमलं. मग कळलं, त्यांची अडचण नोकरीची कमी आणि मेहुण्यांना काय सांगायचं याची जास्त होती.

मग माहिती दिली. बी.प्लॅन ही नियोजनाची पदवी चार वर्षांची, जेईई मेनमध्ये त्याचा वेगळा पेपर, बारावीला गणित हवं. पुण्यात सीओईपी या तंत्रज्ञान विद्यापीठात सोय आहे. सिव्हिल किंवा आर्किटेक्चर करून एम.प्लॅन, म्हणजे पदव्युत्तर पदवीही करता येते. नगररचना संचालनालय पुण्यातच; तिथली पदं एमपीएससीतून भरतात, पण जाहिरात कधी येईल याचा नेम नाही. केंद्राच्या 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेमुळे 20,000 चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी लागते, त्यामुळे सल्लागार संस्थांतही काम असतं. सुरुवातीचा पगार आयटीसारखा नसतो, हेही सांगितलं.

"आणि पूररेषा?" बाबांनी विचारलं.

मानसीनेच उत्तर दिलं. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. निळीच्या आत बांधकामाला मनाई.

"आपली बिल्डिंग कुठे येते?"

"नकाशा काढून बघू या, बाबा."

ते वही मिटून म्हणाले, "फ्लॅट घेताना मी कार्पेट एरिया विचारला होता. हे नाही विचारलं."