वाचकांचे प्रश्न : क्लोंडाइकचं सोनं आणि मागे राहिलेले कागद

मागच्या अंकात कॅनडाच्या युकॉन भागातल्या क्लोंडाइक गोल्ड रशवर एक छोटं टिपण दिलं होतं. १८९६ साली एका ओढ्यात सोनं सापडलं आणि पुढच्या दोन वर्षांत साधारण एक लाख माणसं घर सोडून उत्तरेकडे निघाली, एवढंच त्यात होतं. त्यावर बरेच प्रश्न आलेत आणि गंमत म्हणजे बहुतेकांना सोन्यापेक्षा त्या वेळच्या कागदपत्रांबद्दल जास्त उत्सुकता आहे. मला याचा खूप आनंद झाला कारण माझाही जीव त्या कागदांतच अडकलाय.

प्रश्न : या गोष्टी वाचल्या की सगळं सिनेमासारखं वाटतं. खरं किती आणि रंगवलेलं किती हे कशावरून ठरवायचं? तिथल्या थंडीत लिहून ठेवायला कुणाला सवड होती?

सवड नव्हती, पण लिहिल्याशिवाय इलाजच नव्हता. सोनं जमिनीत असलं तरी ते तुमचं कधी होतं, तर जागेच्या कोपऱ्यांवर खुंट ठोकून, त्यावर नाव घालून, खाण-नोंदणीच्या ऑफिसात जाऊन पैसे भरून रजिस्टरमध्ये नोंद केली की मग. आधी दहा डॉलर भरून वर्षभराचं खाणकामाचं लायसन्स घ्यायचं, मग क्लेमच्या, म्हणजे त्या जागेवरच्या हक्काच्या, नोंदणीची फी वेगळी. त्यामुळे प्रत्येक जागेच्या मागे अर्ज, पावती, नाव, तारीख असं सगळं आहे, आणि जागा विकली, वाटून घेतली, भांडण झालं तर त्याचेही कागद आहेत.

पहिली नोंद घ्या. १७ ऑगस्ट १८९६ ला तोपर्यंत रॅबिट क्रीक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ओढ्यावर (पुढे त्याचं नाव बोनान्झा झालं) जॉर्ज कार्मॅक या सोनं शोधणाऱ्याने खुंट ठोकले. पहिला शोध लावणाऱ्याला दोन जागा मिळायच्या, म्हणून त्याच्या नावावर डिस्कव्हरी क्लेम (शोधाची जागा) आणि ओढ्याच्या प्रवाहात त्याच्या खालचा पहिला, वरचा पहिला त्याच्या बरोबरच्या स्कूकम जिमचा आणि खालचा दुसरा डॉसन चार्लीचा. मग पूर्ण ओढाभर अशीच मोजणी, म्हणजे डिस्कव्हरीपासून वर एक, वर दोन, वर तीन आणि खाली एक, खाली दोन. माणसंही एकमेकांना जागेच्या नंबराने ओळखायची.

आता ही रजिस्टरं गोष्टींपेक्षा वेगळं काय सांगतात ते बघा. सुरुवातीला लोकांनी घाईत, दोऱ्यांनी नाहीतर नुसत्या पावलांनी जागा मोजल्या होत्या, नियमाप्रमाणे ओढ्याच्या कडेने ५०० फूट हवेत तर कुणाच्या जास्त निघाल्या, कुणाच्या कमी, आणि मग मारामारीची वेळ आली तेव्हा १८९७ च्या जानेवारीत सरकारी मोजणीदार विल्यम ओगिल्वी याला लोकांनीच विनंती करून मोजणी करायला लावली. त्यात एक जागा जास्त रुंद निघाली आणि मधली ८६ फुटांची पट्टी कुणाचीच राहिली नाही. ओगिल्वीबरोबर मोजणीची साखळी धरणारा डिक लो म्हणून एक माणूस होता, त्याने ती घेतली, आधी नाखुशीनेच, कारण एवढ्याशा तुकड्यात काय मिळणार. तोच तुकडा सगळ्या क्लोंडाइकमधल्या सर्वांत श्रीमंत जागांपैकी एक ठरला. ऐकायला कहाणी वाटते ना, पण हिच्या मागे मोजणी आहे, आकडा आहे आणि रजिस्टरातलं नाव आहे. रंगवलेलं काय ते ठरवायची माझी पद्धत हीच, आधी गोष्ट ऐकायची आणि मग त्या गोष्टीतली तारीख, नंबर आणि फी शोधायला जायचं.

दुसरा मोठा साठा पोलिसांचा. नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलिसांनी (कॅनडाचे घोडदळ पोलीस) अलास्काच्या किनाऱ्यावरून कॅनडात शिरणाऱ्या चिल्कूट आणि व्हाइट या दोन्ही खिंडींच्या माथ्यावर चौक्या लावल्या होत्या. वर्षभराची शिधासामग्री बरोबर नसेल तर पुढे सोडायचे नाहीत, कारण क्लोंडाइक नदीच्या तोंडाशी वसलेल्या डॉसन गावात उपासमारीची वेळ आली होती. अवजारं, तंबू धरून एका माणसाचं सामान जवळजवळ एक टन व्हायचं. त्या काळच्या याद्यांमध्ये चारशे पौंड पीठ, शंभर पौंड बीन्स, शंभर पौंड साखर असे आकडे असतात. हे सगळं पाठीवर ५०-६० पौंडांच्या हिशोबाने वर न्यायचं, म्हणजे त्याच बर्फातल्या चढणीच्या तीसचाळीस फेऱ्या. माथ्यावर वजन, तपासणी, जकात, आणि त्या सगळ्याची नोंद.

पुढे बेनेट तलावाच्या काठी लोकांनी झाडं तोडून, हाताने फळ्या कापून होड्या बांधल्या आणि १८९८ च्या मे अखेरीला बर्फ फुटल्यावर सात हजारांहून जास्त होड्या निघाल्या. पोलीस अधिकारी सॅम स्टीलने होड्यांना नंबर दिले आणि कोणत्या होडीत कोण आहे आणि त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचा पत्ता काय हे लिहून घ्यायला लावलं. पत्ता कशासाठी हे सांगायला नको. मला या सगळ्या कागदांत हाच तपशील सगळ्यात जास्त भिडतो, सोनं मिळेल की नाही कुणालाच माहीत नव्हतं पण कळवायचं कुणाला हे मात्र आधीच लिहून ठेवलेलं.

प्रश्न : तिकडे तर जमीन बारा महिने गोठलेली असते म्हणतात. मग खणायचे कसे?

आग लावून. सोनं वरच्या मातीत नसायचं, ते हजारो वर्षं पाण्याबरोबर वाहत वाहत खाली कातळावर जाऊन बसलेलं, आणि तो कातळ कुठे दहा फुटांवर तर कुठे तीस फुटांवर, कुठे आणखी खोल. वरची सगळी माती दगडासारखी कडक. म्हणून संध्याकाळी लाकडं रचून पेटवायची, रात्रभर जळू द्यायची आणि सकाळी जेवढी माती सैल झाली तेवढी काढायची, एका आगीत साधारण फूटभर. कातळापर्यंत पोचलं की आडवा बोगदा मारत सोन्याचा पट्टा शोधायचा. सगळं हिवाळ्यातच करायचं कारण उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी भरतं, भिंती ढासळतात. खाली धूर कोंडायचा, डोळे जायची वेळ यायची, विषारी वायूने माणसं बेशुद्ध पडायची.

काढलेली माती बाहेर ढीग करून ठेवायची, ती लगेच पुन्हा गोठायची. मग मे महिन्यात ओढा वाहायला लागला की ती लाकडी पन्हाळीत टाकून धुवायची, पन्हाळीच्या तळाला आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असायच्या, जड सोनं त्यांच्यामागे अडकायचं आणि हलकी वाळू वाहून जायची. म्हणजे सात-आठ महिने राबायचं आणि आपण श्रीमंत आहोत की कंगाल हे वसंतात कळायचं! मधूनमधून एखादी थाळीभर माती घरातल्या स्टोव्हजवळ वितळवून धुऊन बघायचे, त्याचे आकडे डायऱ्यांत सापडतात. अशा डायऱ्या वाचताना कंटाळा येऊ शकतो, आग लावली, माती काढली, लाकूड तोडलं, परत आग लावली. पण माझं म्हणणं असं की तोच कंटाळा नीट वाचा, ते आयुष्य तसंच होतं.

प्रश्न : किती जणांना खरंच सोनं मिळालं?

निघालेल्या लाखापैकी तीस-चाळीस हजार डॉसनला पोचले आणि त्यातल्या साधारण चार हजारांना काहीतरी मिळालं असा अंदाज दिला जातो. बातमी बाहेर फुटली तीच मुळी जुलै १८९७ मध्ये, सोनं घेऊन आलेली जहाजं सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटलला लागली तेव्हा, आणि तोपर्यंत चांगल्या जागा कधीच नोंदवून झाल्या होत्या. ही गोष्ट रजिस्टरच्या तारखा नुसत्या चाळल्या तरी कळते. उशिरा आलेले बरेच जण दुसऱ्यांच्या जागेवर मजुरीला लागले, दिवसाला पंधरा डॉलरपर्यंत, आणि तिथल्या महागाईत ते उडूनही जायचे.

प्रश्न : बर्फाच्या चढावर मुंग्यांसारखी माणसांची रांग असलेला फोटो सगळीकडे दिसतो. तो इतका जुना असून टिकला कसा?

चिल्कूटच्या रांगेचे फोटो काढणारे अनेक होते, पण सगळ्यात नावाजलेला एरिक हेग. स्वीडनमध्ये जन्मलेला, फोटोचं सगळं सामान आणि जड काचा घेऊन हा माणूस खिंड चढला, घसरगाडी ओढायला म्हणे बोकड होते. त्याच्या काही काचेच्या निगेटिव्ह डॉसनमध्येच मागे राहिल्या आणि बऱ्याच वर्षांनी एका लाकडी घराच्या भिंतीत सापडल्या. ज्या बाईंना सापडल्या त्यांना त्या खरवडून झाडांसाठी काचघर करायचं होतं, पण त्या जिथे कामाला होत्या तिथल्या मालकाच्या लक्षात आलं आणि त्याने बदल्यात साध्या काचा देऊन त्या वाचवल्या असं सांगतात. हेगचा मोठा संग्रह आज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लायब्ररीत आहे.

डॉसनचीच अजून एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मूकपटांची रिळं फिरत फिरत शेवटी डॉसनला यायची आणि तिथून परत पाठवायचा खर्च कंपन्यांना नको असायचा, म्हणून ती तिथेच साठत गेली. १९२९ मध्ये तिथल्या क्लबचा जुना पोहण्याचा तलाव बुजवायला ही रिळं भराव म्हणून टाकली, वर बर्फावरच्या खेळाचं मैदान झालं. १९७८ साली बांधकामासाठी खणताना ५३३ रिळं बाहेर आली! नायट्रेटची फिल्म, जी एरवी पेट घेते नाहीतर कुजते, ती गोठलेल्या जमिनीने पन्नास वर्षं सांभाळली. ज्या जमिनीला फोडता फोडता लोकांच्या पाठी मोडल्या तिनेच हे राखून ठेवलं.

प्रश्न : तिथे आधीपासून राहणाऱ्या लोकांचं काय? कागदपत्रांत ते दिसतात का?

हा प्रश्न विचारल्याबद्दल मनापासून आभार, कारण इथे कागद कमी पडतात आणि ते स्पष्ट बोलायला हवं.

क्लोंडाइक हा शब्दच मुळात ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांच्या भाषेतल्या ट्रॉन्डेकचा अपभ्रंश आहे. नदीत सामन मासे अडवायला खुंट रोवायचे आणि ते दगडाने ठोकायचे, त्या ठोकण्यावरून नदीचं नाव पडलं. नदीच्या तोंडाशी त्यांचा पिढ्यानपिढ्यांचा मासेमारीचा तळ होता, तो खाणवाल्यांच्या गर्दीत गेला. त्यांचे प्रमुख चीफ आयझॅक आपल्या माणसांना घेऊन नदीच्या प्रवाहात थोडं खाली मूसहाइडला गेले, आणि या गडबडीत आपली गाणी, आपले नाच हरवतील म्हणून ते अलास्कातल्या नातलगांकडे सांभाळायला दिले. गाणी ठेव म्हणून दिली, विचार करा. ती अनेक दशकांनी परत आणली गेली. कुठल्याच सरकारी ऑफिसात याचं रजिस्टर नव्हतं, माणसांच्या आठवणीत होतं. २०२३ साली हा परिसर ट्रॉन्डेक-क्लोंडाइक या नावाने युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला, आणि त्यात यांचं नाव आधी आहे.

आता पहिल्या नोंदीकडे परत येऊ. डिस्कव्हरी क्लेम कार्मॅकच्या नावावर आहे, पण सोनं आधी कुणाला दिसलं? कार्मॅक म्हणायचा मला. स्कूकम जिम, खरं नाव कीश, हा तागिश या तिथल्या मूळ समाजातला; त्याच्या नातेवाइकांमध्ये जिमलाच दिसलं असं सांगतात, आणि शोधाचा हक्क मूळ रहिवाशाच्या नावावर कुणी मानणार नाही असं सांगून कार्मॅकने तो स्वतःच्या नावावर घेतला असंही. कार्मॅकची बायको केट, तागिश नाव शॉ त्ला, ही जिमची बहीण, तिचं त्या पहिल्या चार नोंदींत नावच नाही. पुढे १९०० मध्ये कार्मॅकने तिला सोडलं आणि १९२० ला ती गेली.

तागिश समाजातल्या अँजेला सिडनी या आजींनी सांगितलेल्या गोष्टी ध्वनिमुद्रित झाल्यात, त्यांचं आणि जिमचं नातं होतं. त्यांच्या गोष्टीत जिम सोनं शोधायला निघालेलाच नाही! त्याच्या बहिणी नदीच्या खालच्या अंगाला गेल्या होत्या, बरेच दिवस खबर नव्हती, त्यांना शोधायला भाऊ निघाला. त्याआधी त्याने खड्ड्यात अडकलेल्या एका बेडकाला वाचवलेलं असतं आणि तो बेडूक पुढे त्याला मदत करतो, स्वप्नात नशीब कुठल्या दिशेला आहे ते दाखवतो. कुणी म्हणेल ही लोककथा, पुरावा नाही. मला ते पटत नाही. रजिस्टर सांगतं की अमुक तारखेला अमुक जागा कुणाच्या नावावर झाली, पण तो माणूस तिथे का गेला होता हे सांगायला रजिस्टरमध्ये रकानाच नसतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचायला हवं.

प्रश्न : हे सगळं घरबसल्या बघता येईल का? कुठून सुरुवात करू?

बरंच बघता येतं. हेगचे फोटो वॉशिंग्टन विद्यापीठाने ऑनलाइन ठेवलेत. कॅनडाच्या राष्ट्रीय लायब्ररी आणि अर्काइव्हजच्या साइटवर १९०१ ची जनगणना आहे, त्यात युकॉनची पानंही आहेत, आणि सोन्याची लाट ओसरल्यावर मागे कोण राहिलं हे त्यातून छान दिसतं. स्थानिक कागदांचं मुख्य घर म्हणजे व्हाइटहॉर्समधलं युकॉन अर्काइव्हज, १९७२ ला सुरू झालेलं.

सुरुवात एका माणसापासून करा, पूर्ण गोल्ड रशपासून नको. आणि नाव एकाच स्पेलिंगने शोधू नका, कारकून थंडीत कानाला ऐकू येईल तसं लिहायचा, स्वीडनचा माणूस एका पानावर एक आणि दुसऱ्या पानावर वेगळाच असतो. नाव सापडलं नाही तर क्लेमचा नंबर आणि ओढ्याचं नाव घेऊन शोधा, माणूस बरेचदा तिथे भेटतो.