विंडोज ११ टाकलं, आता पुढे काय? वाचकांचे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा फुकटचा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून आपल्या सदराकडे येणाऱ्या पत्रांत निम्मी पत्रं याच विषयाची आहेत. अपग्रेड होऊन जातं, दोन-तीन तास लागतात, आणि मग समोर जे येतं ते बघून माणूस बावरतो. माझं सगळ्यांना आधीच एक सांगणं आहे, रंगरूप, मेन्यू, आयकॉन हे सगळं नंतर बघा, पहिल्या दिवशी फक्त एवढं शोधा की तुमच्या फायली नक्की कुठे ठेवल्यात. बाकी काहीही बिघडलं तरी दुरुस्त होतं, फायली गेल्या तर गेल्या.

प्रश्न : ताई, अपग्रेड झाल्यावर दोन-तीन पानं आली त्यावर मी नेक्स्ट नेक्स्ट करत गेलो. आता रोज मेसेज येतोय की वनड्राइव्हची जागा भरली, पैसे भरा. मी वनड्राइव्ह कधी वापरलंच नाही. डेस्कटॉपवर नातवंडांचे सगळे फोटो आहेत, ते डिलीट करू का? (निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : काका, काहीही डिलीट करू नका, आधी हे पूर्ण वाचा. झालंय असं की त्या नेक्स्टमधल्या एका पानावर फोल्डर बॅकअप चालू झालाय. त्यामुळे तुमचं डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही तिन्ही फोल्डर वनड्राइव्हच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीच्या, फोल्डरमधे सरकली. दिसतात जिथल्या तिथेच, म्हणून कळत नाही. खात्री करायची असेल तर डेस्कटॉपवरच्या कुठल्याही फोटोवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि लोकेशन वाचा, त्यात यूजर्स, मग तुमचं नाव आणि त्यापुढे वनड्राइव्ह असं लिहिलेलं असेल तर हेच झालंय. फुकट जागा मिळते ५ जीबी, फोटोंनी ती भरायला कितीसा वेळ लागणार.

आता इथे लोक जी चूक करतात ती म्हणजे जागा मोकळी करायला वेबसाइटवर जाऊन फोटो उडवतात, आणि ते कॉम्प्युटरवरूनही जातात, कारण दोन्हीकडे दिसणारी फाइल ही एकच आहे, वेगळी कॉपी नाही. असं कोणाचं झालं असेल तर वनड्राइव्हच्या साइटवर रीसायकल बिन आहे, पर्सनल अकाउंटला साधारण ३० दिवस फायली तिथे राहतात, लगेच जाऊन परत आणा.

बरोबर पद्धत अशी. फाइल एक्स्प्लोररमधे डावीकडे वनड्राइव्हचं फोल्डर दिसेल. आतल्या फायलींपुढे छोटी चिन्हं असतात, निळा ढग म्हणजे फाइल फक्त इंटरनेटवर आहे, हिरवी टिकमार्क म्हणजे तुमच्या डिस्कवरही आहे. तिन्ही फोल्डरवर राइट क्लिक करून ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस करा आणि सगळीकडे भरीव हिरवा गोल येईपर्यंत थांबा, फोटो जास्त असतील तर रात्रभर लागेल, लागू द्या. मग घड्याळाजवळच्या ढगाच्या आयकॉनवर क्लिक, सेटिंग्ज, सिंक अँड बॅकअप, मॅनेज बॅकअप, आणि तिथली बटणं एकेक करून बंद. काही व्हर्जनमधे त्याच वेळी विचारतात की फायली फक्त या कॉम्प्युटरवर ठेवायच्या का, विचारलं तर हो म्हणा. नाही विचारलं तर डेस्कटॉप एकदम रिकामा दिसेल, घाबरू नका, फायली वनड्राइव्हच्या फोल्डरमधेच आहेत, तिथून कॉपी करून आपल्या जागी पेस्ट करा. कट करू नका, कॉपीच. चार-पाच फोटो उघडून बघा, एक कॉपी पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, आणि मगच वनड्राइव्हवरचं काढा.

वनड्राइव्ह वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, लॅपटॉप चोरीला गेला तर त्याच्यामुळेच फोटो वाचतात. पण ते आपल्याला माहीत असून, ठरवून चालू केलेलं असावं. आणि ज्यांचा ईमेल आउटलुक किंवा हॉटमेलचा आहे त्यांनी हे आणखी लवकर करा, कारण जागा भरली की मेल येणं-जाणंही अडतं.

प्रश्न : आमच्या मंडळाचे वीस वर्षांचे अहवाल कॉम्प्युटरवर आहेत. दुकानात विंडोज ११ नवीन टाकून आणलं तर निम्म्या फायलींमधे इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतोय आणि बाकीच्यांचा फाँट बदललाय. दुकानदार म्हणतो फायली करप्ट झाल्या. खरंच गेलं का सगळं? (मंडळाच्या सचिव, सोलापूर)

उत्तर : अजिबात गेलेलं नाही, आणि कृपा करून त्या फायली कोणाला उडवू देऊ नका. हे दोन वेगळे प्रकार आहेत.

कचरा दिसतोय त्या फायली कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फाँटमधल्या असणार. युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं मराठी म्हणूनच ओळखली जातील अशी पद्धत) सर्रास वापरात यायच्या आधी या फाँटनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवली होती. म्हणजे कृतिदेवमधे तुम्ही मराठी हा शब्द टाइप केला असेल तर फायलीत खरं तर ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच एवढंच साठवलेलं असतं, फाँट असला की त्याचं मराठी दिसतं, नसला की ती पाच इंग्रजी अक्षरं. नवीन विंडोज कोरं टाकल्यावर तुमचा फाँट गेला, एवढंच झालंय. जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर विंडोज फोल्डरमधे फाँट्स म्हणून फोल्डर असतं तिथे तो सापडेल. डिस्क फॉरमॅट केली नसेल तर सी ड्राइव्हमधे विंडोज डॉट ओल्ड नावाचं फोल्डर अजून असेल, त्यात बघा, पण आजच बघा, ते काही दिवसांनी आपोआप उडतं. फाँटची फाइल मिळाली की राइट क्लिक, इन्स्टॉल, आणि वर्ड बंद करून परत उघडा.

फाँट बदललेल्या फायली बहुतेक मंगल, कोकिळा किंवा अपराजिताच्या असतील. हे फाँट आता विंडोजमधे पहिल्यापासून नसतात, त्याऐवजी निर्मला येतो. सेटिंग्ज, सिस्टीम, ऑप्शनल फीचर्समधे जाऊन देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स शोधा आणि टाका, पैसे लागत नाहीत, मजकूर जसा होता तसा दिसेल.

टायपिंगचंही इथेच सांगते कारण ते बऱ्याच जणांनी विचारलंय. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, तिथे अॅड लँग्वेज करून मराठी घ्या. मराठीपुढच्या तीन टिंबांत लँग्वेज ऑप्शन्स आहे, तिथे कीबोर्ड निवडता येतो. इन्स्क्रिप्ट येत असेल तर तोच ठेवा. इंग्रजी स्पेलिंग लिहून मराठी उमटवायची सवय असेल तर मराठी फोनेटिक घ्या, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की मराठी-इंग्रजी बदलतं.

आणि सचिवताई, फाँट मिळाल्यावर सवडीने ते सगळे अहवाल युनिकोडमधे करून घ्या, कन्व्हर्टर मिळतात, जोडाक्षरं आणि रफार तेवढे डोळ्यांनी तपासावे लागतात. वीस वर्षांचं काम एका फाँटच्या फायलीवर लटकलेलं ठेवणं बरं नाही.

प्रश्न : अपग्रेड करून सहा दिवस झाले, ऑफिसचं जुनं प्रिंटर चालत नाही, परत १० वर जाता येईल का? (हिशेबनीस, नाशिक)

उत्तर : येईल, पण मुदत फक्त १० दिवसांची असते, म्हणजे तुमच्याकडे चारच उरलेत. सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी, गो बॅक. फायली राहतात, अपग्रेडनंतर टाकलेली सॉफ्टवेअर जातात, तरी आधी बॅकअप घ्याच. तोपर्यंत डिस्क क्लीनअप करून प्रीव्हिअस विंडोज इन्स्टॉलेशन्स उडवू नका, ते गेलं की परतीची वाट बंद.

पण त्याआधी एक प्रयत्न करून बघा, प्रिंटर काढून टाका, कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचा ६४ बिट ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) उतरवा आणि नव्याने जोडा. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही, त्यामुळे फक्त ३२ बिटचा ड्रायव्हर असलेलं यंत्र त्यावर चालणार नाही. डॉसमधली जुनी हिशेबाची सॉफ्टवेअरही थेट चालत नाहीत. नुसता स्टार्ट मेन्यू आवडला नाही म्हणून परत जाऊ नका, पण ज्यावर पोट चालतं ते यंत्रच चालत नसेल तर खुशाल जा. १० वर गेलात तर ईएसयू नावाच्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवा, घरगुती वापराच्या कॉम्प्युटरला ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरची योजना वेगळी आणि पैसे भरून असते.

प्रश्न : नवीन लॅपटॉप विंडोज ११ चा घेतला, सर्व्हिसिंगला देऊन आणला तर निळ्या स्क्रीनवर रिकव्हरी की मागतोय. (गृहिणी, म्हापसा)

उत्तर : ही ४८ अंकी किल्ली आहे. हल्लीच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सुरुवात केली की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, त्याला बिटलॉकर म्हणतात. आतला भाग बदलला किंवा बायोस (लॅपटॉप सुरू करणारं आतलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं की लॅपटॉपला संशय येतो आणि तो किल्ली मागतो. मोबाइलवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवर त्याच अकाउंटने लॉगिन करा ज्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला होता (बऱ्याच घरांत तो मुलाचा किंवा भाच्याचा ईमेल असतो, त्यांना विचारा), डिव्हाइसेसमधे किल्ली मिळेल. स्क्रीनवर की आयडी दिसतो, त्याची सुरुवातीची अक्षरं जुळवून घ्या. मिळाल्यावर कागदावर लिहून घरातल्या कागदपत्रांत ठेवा. ज्यांचा लॅपटॉप आज नीट चालतोय त्यांनी सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, डिव्हाइस एन्क्रिप्शन उघडून बघा, चालू असेल तर किल्ली आजच लिहून घ्या. किल्ली नसेल तर मायक्रोसॉफ्टसुद्धा ती डिस्क उघडून देऊ शकत नाही.

छोटे प्रश्न, एकत्र उत्तरं

स्टार्टचं बटण डावीकडे हवंय त्यांनी टास्कबारवर राइट क्लिक, टास्कबार सेटिंग्ज, टास्कबार बिहेवियर्स, अलाइनमेंट लेफ्ट. राइट क्लिकचा जुना लांब मेन्यू हवा असेल तर शिफ्ट धरून राइट क्लिक करा. वर्डपॅड विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून काढलंय, ते शोधत बसू नका, त्या फायली वर्ड किंवा लिब्रेऑफिसमधे उघडतात. अँटिव्हायरस विकत घ्यायलाच हवा का, तर घरगुती वापराला आतलं डिफेंडर पुरतं, फक्त ते आणि अपडेट बंद करू नका. पहिले एक-दोन दिवस मशीन हळू वाटेल, मागे इंडेक्सिंग (फायली पटकन शोधता याव्यात म्हणून त्यांची यादी करणं) आणि अपडेट चालू असतात, त्यानंतरही हळूच असेल आणि जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवून घ्या, दुसऱ्या कशानेही एवढा फरक पडणार नाही.

प्रश्न : अपग्रेड केल्यापासून मधेच मोठ्ठा आवाज होऊन स्क्रीनभर लाल सूचना येते, व्हायरस आहे, या नंबरवर मायक्रोसॉफ्टला फोन करा. आई एकटी असते, ती घाबरते. (नोकरदार, पुणे)

उत्तर : ते मायक्रोसॉफ्ट नाही, फसवणूक आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. आईंना एवढंच शिकवा की फोन करायचा नाही आणि आल्ट व एफ४ दाबून ब्राउझर बंद करायचा, नाही झाला तर पॉवरचं बटण दहा सेकंद धरून सरळ मशीन बंद केलं तरी चालेल. नंतर तुम्ही ब्राउझरच्या सेटिंग्जमधे नोटिफिकेशन्सच्या यादीतून अनोळखी साइट काढून टाका, बहुतेक वेळा तिथूनच हे येतं. समजा फोन झालाच असेल आणि कोणी एनीडेस्कसारखं (आपला कॉम्प्युटर लांबून दुसऱ्याला चालवू देणारं) काही टाकायला लावलं असेल तर आधी इंटरनेट तोडा, बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे मधेच अडवता येण्याची शक्यता जास्त असते. आईंना हेही सांगून ठेवा की असं झालं तर तुम्ही रागावणार नाही, कारण बरेच जण रागाच्या भीतीने दोन दिवस बोलतच नाहीत आणि तोपर्यंत पैसे पुढे निघून गेलेले असतात.