कॉलेज फक्त नावापुरतं ठेवून दिवसभराचा क्लास लावू का?

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे. दहावीला मराठी माध्यमातून ९३ टक्के होते, आता पहिल्या सत्रात फिजिक्सला ५० पैकी १९. कॉलेज आणि प्रॅक्टिकलमध्ये अर्धा दिवस जातो, म्हणून कॉलेजात नुसतं नाव ठेवून दिवसभराच्या क्लासला घालायचं ठरवतोय. प्रॅक्टिकलचे मार्क कॉलेज देतंच. ती केमिस्ट्रीत बीएस्सी म्हणते, आम्हाला इंजिनिअरिंग हवंय. तिला ईर्ष्या वाटावी म्हणून टेस्टचे मार्क मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतो. हल्ली ती जेवतानाही बोलत नाही. कोणता क्लास चांगला? – एक वडील

उत्तर : ‘जेवतानाही बोलत नाही’ हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला काळजी वाटते ती त्याची.

सोळा वर्षांच्या मुलीचे मार्क काका-आत्यांसमोर मांडले की तिला ईर्ष्या वाटत नाही, ती लपवायला शिकते. आधी उत्तरपत्रिका दाखवत नाही, मग टेस्टच्या दिवशी पोट दुखायला लागतं. ग्रुपवर मार्क टाकणं आजच बंद करा आणि बंद केलंय हे तिला स्वतः सांगा. दोन आठवडे मार्कांचा विषय तुमच्याकडून निघता कामा नये. तरीही तिचं बोलणं, जेवण, झोप पूर्ववत झाली नाही, तर क्लासची फी भरण्याआधी तिला डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे न्या.

आता ते १९ मार्क. मराठी माध्यमातली मुलगी एकदम इंग्रजीतून शिकतेय. त्यात फिजिक्समध्ये व्हेक्टर आणि डेरिव्हेटिव्ह लागतात, तेही बऱ्याचदा गणिताच्या तासाला ते शिकवून होण्याआधी. उत्तरपत्रिका तिलाच तपासू द्या : कुठे प्रश्नच कळला नाही, कुठे सूत्र चुकलं, कुठे आकडेमोड किंवा एकक चुकलं. बहुतेक मार्क पहिल्या कारणाने गेले असतील, तर दिवसभराच्या क्लासमधल्या भरधाव शिकवण्याने ती आणखी मागे पडेल.

‘प्रॅक्टिकलचे मार्क मिळतातच’ हा समज मात्र सोडा. बारावीला फिजिक्स आणि केमिस्ट्रीत ७० मार्क लेखी, ३० प्रॅक्टिकलचे. काही ठिकाणी ते सढळ हाताने दिले जातात, खरं आहे. पण मार्क मिळाले म्हणजे विषय आला असं होत नाही. ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन घ्या, म्हणजे एक द्रावण थेंबथेंब दुसऱ्यात सोडून त्याचं प्रमाण काढणं. फ्लास्क ६०–७० अंशांपर्यंत तापवला नाही तर सुरुवातीला परमँगनेटचा जांभळा रंग जायला वेळ लागतो आणि एंड पॉइंट (क्रिया पूर्ण झाल्याची खूण) आला असं वाटून मुलं आधीच थांबतात. सल्फ्युरिक ॲसिड कमी पडलं तर तपकिरी गढूळपणा येतो. ब्युरेटमधलं (खुणांच्या नळीतलं) द्रावण गडद असल्याने रीडिंग मेनिस्कसच्या, म्हणजे द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाच्या, वरच्या कडेचं घ्यावं लागतं. हे एकदा स्वतःच्या हातून चुकलं की परमँगनेटमधलं मँगनीज इलेक्ट्रॉन घेऊन +७ वरून +२ वर येतं म्हणजे काय होतं, ते पाठ करावं लागत नाही. दुसऱ्याचं जर्नल उतरवणाऱ्या मुलांना हे कधीच दिसत नाही, आणि तोंडी परीक्षेत ‘इथे वेगळा इंडिकेटर (रंग बदलून एंड पॉइंट दाखवणारा पदार्थ) का नाही?’ एवढ्यावर ती अडतात. भाषेशी झगडणाऱ्या मुलीला तर लॅबमध्ये वस्तू डोळ्यांसमोर दिसते. तीच जागा तुम्ही काढून घ्यायला निघालात. शिवाय ७५ टक्के हजेरीचा नियम आहेच.

इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठीही अकरावी आणि बोर्ड सोडून चालत नाही. सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, अकरावीचा भाग साधारण २० टक्के असतो. जेईई या देशपातळीवरच्या परीक्षेतून एनआयटीला (केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजांना) जायचं तर बारावीला ७५ टक्के किंवा बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं.

बीएस्सीबद्दल स्पष्टच सांगते : तिची निवड तुमच्यापेक्षा जास्त विचारपूर्वक वाटते. आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांची स्वतंत्र प्रवेश परीक्षा आहे, पुण्यात आयसर आहे. बीएस्सीनंतर जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी करता येतं. ‘मग केमिकल इंजिनिअरिंग घे’ असंही सुचवू नका. तिथे पंप, उष्णतेचं वहन, गणित जास्त आणि तिला आवडणारी केमिस्ट्री कमी. दोन्हींचे पहिल्या वर्षाचे अभ्यासक्रम तिच्यासमोर ठेवा आणि ती काय म्हणते ते मध्ये न बोलता ऐका.

कोणता क्लास, तर दिवसभराचा कोणताही नाही. कॉलेजनंतर फक्त फिजिक्ससाठी, दहा-बारा मुलांची बॅच, शंका विचारायला वेळ देणारे सर, आठवड्याला तीन दिवस. आधी दोन तास तिला बसून बघू द्या, आणि वर्षाची फी एकरकमी भरू नका.