रेड ० ची पार्टिशन उडाली? आधी हात आवर

घाबरू नकोस. रेड ० म्हणजे दोन किंवा जास्त डिस्क जोडून केलेली एकच मोठी डिस्क, आणि पार्टिशन टेबल म्हणजे तिची अनुक्रमणिका. ती फाटली तरी आतली पानं बहुधा शाबूत असतात. ती जातात ती आपल्या घाईने. विंडोजने ‘इनिशिअलाइज करू का?’ (म्हणजे डिस्क नव्याने मांडू का) विचारलं की नाही म्हण. चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क-दुरुस्तीचं साधन नको, बायोसमधून (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधून) अ‍ॅरे, म्हणजे डिस्कची ही जोडणी, पुन्हा बनवणंही नको.

मशीन बंद कर. डिस्क काढण्याआधी कुठली कुठल्या पोर्टला होती ते मार्करने तिच्यावरच लिही. रेड ० मध्ये फाइलचे तुकडे, बऱ्याचदा ६४ किंवा १२८ केबीचे, आळीपाळीने डिस्कवर पडतात, त्यामुळे क्रम चुकला की सगळं चुकलं. पंचवटीतल्या एका स्टुडिओत मी हे पाहिलंय: लग्नाच्या फोटोत वर मुंडावळ्या स्वच्छ, खाली नुसते हिरवे-राखाडी पट्टे. छोट्या फाइल उघडतात आणि मोठ्या फुटतात, तेव्हा क्रम किंवा तुकड्याचा आकार चुकलाय असं समज.

मग डीडीरेस्क्यू या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने प्रत्येक डिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढ. २ टीबीच्या दोन असतील तर ४ टीबी जागा नुसत्या इमेजना लागेल, सापडलेल्या फाइलींना वेगळी. एम. जी. रोडवरून मोठी डिस्क आण, इथे काटकसर नको.

टेस्टडिस्क हा हरवलेली पार्टिशन शोधणारा प्रोग्राम एकट्या डिस्कवर चालवणं ही नवख्यांची नेहमीची चूक. आधी इमेज जोडून अ‍ॅरे उभा कर, मग त्यावर चालव. पार्टिशन टेबल जीपीटी या नव्या प्रकारचं असेल तर त्याची दुसरी प्रत अ‍ॅरेच्या शेवटी असते, कधीकधी तेवढ्यावरच काम होतं.

डिस्क टकटक आवाज करत असेल तर मात्र काहीच करू नकोस, थेट डेटा रिकव्हरी लॅबला दे.

इमेज झाल्या की सांग, पुढचं तेव्हा बघू.