दिव्याचा रोध नेमका कोणता?

प्रश्न : 12 व्होल्ट, 21 वॅटचा एक दिवा बॅटरीला जोडला. अ‍ॅमीटरवर 1.75 अँपिअर दिसले. व्होल्टेज भागिले करंट या सूत्राने रोध 6.86 ओहम येतो. मग दिवा सोडवून मल्टिमीटरने थेट मोजला, तर जेमतेम 0.9 ओहम! मीटर बिघडलाय का? आणि फ्यूज कितीचा लावू?

उत्तर : मीटर ठणठणीत आहे, तुमचं गणितही बरोबर आहे. आधी एक करा : मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा. 0.2–0.3 ओहम दिसेल, तो वायरींचा आणि टोकांच्या स्पर्शाचा रोध. तो वजा केला की तुमचा दिवा 0.6 ओहमच्या आसपास येईल. इतका लहान रोध मोजताना हे वजा करायलाच हवं.

आता 0.6 आणि 6.86. ओहमचा नियम आपण व्होल्टेज, करंट आणि रोधाच्या त्रिकोणात पाठ करतो आणि त्याच्या सुरुवातीचे शब्द गाळून टाकतो : ‘वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना’. मला विचाराल तर नियमाचा निम्मा जीव त्या शब्दांत आहे. पेटलेल्या दिव्याचं फिलामेंट, म्हणजे आतली उजळणारी बारीक तार, टंगस्टन या धातूचं असतं आणि ते दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर तापलेलं असतं. धातू तापला की त्याच्या अणूंची थरथर वाढते, इलेक्ट्रॉनना वाट काढणं अवघड होतं आणि रोध वाढतो. टंगस्टनच्या बाबतीत तो थंड असतानाच्या दहा-पंधरा पट होतो. मल्टिमीटर मोजताना इतका कमी करंट सोडतो की फिलामेंट तापतच नाही. म्हणजे दोन्ही आकडे खरे, एक थंड तारेचा, दुसरा तापलेल्या तारेचा.

पॉवर काढायची असेल तर मात्र पेटलेल्या दिव्याचेच आकडे घ्या : 12 × 1.75 = 21 वॅट. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध या सूत्रात 0.6 घातलात तर 240 वॅट येतील. सूत्र चुकलेलं नाही, थंड तारेचा रोध पेटलेल्या दिव्याला लावला एवढंच. असाच घोळ व्होल्टेज निम्मं केल्यावर होतो. बरेच जण 6 व्होल्टला करंट निम्मा आणि पॉवर पाव धरतात, म्हणजे 5.25 वॅट. लावून बघा. करंट 1.2 अँपिअरच्या आसपास मिळेल, म्हणजे 7 वॅटच्या थोडं वर, कारण फिलामेंट कमी तापलं आणि रोधही 5 ओहमपर्यंत उतरला. हीटरच्या नायक्रोम तारेत हा फरक फार थोडा असतो, तिथे थंड मापावरचा अंदाज चालून जातो.

फ्यूजचं सांगतो. बटण दाबताक्षणी फिलामेंट थंड असतं, तेव्हा 12 भागिले 0.6, म्हणजे हिशेबाने 20 अँपिअर. प्रत्यक्षात वायर आणि बॅटरीचा स्वतःचा रोध थोडा आवर घालतो, आणि सेकंदाच्या अगदी लहान अंशात फिलामेंट तापून करंट खाली येतो. (जुना दिवा बहुधा लावतानाच उडतो, त्याचं मोठं कारण हाच झटका.) साधा फ्यूज इतक्यात वितळत नाही, त्यामुळे 20 चा लावण्याची गरज नाही. 5 अँपिअरचा लावा, फक्त पुढची वायर 5 अँपिअर सहज सोसणारी हवी.