छातीवरच्या केसांचा प्रश्न

"मॅडम, माझ्या छातीवर खूप केस आहेत. चालेल ना?"

विचारणारा अगदी गंभीर होता. बायको फिसकन हसली. मी हसले नाही, कारण हा प्रश्न बऱ्याच बाबांच्या मनात असतो, फक्त विचारवत नाही.

बाळ पायाळू, त्यामुळे सिझेरियनची तारीख ठरलेली. टाके घालेपर्यंत बाळाला बाबाच्या उघड्या छातीवर ठेवू, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि याची झोप उडाली. केस, घाम, इन्फेक्शन, हातातून निसटलं तर? मी एकेक उत्तर देत गेले. केस चालतात. आंघोळ करून या, अत्तर-डिओ नको, सिगारेट तर नकोच. सर्दी-ताप किंवा अंगावर पुरळ असेल तर आधीच सांगा. ओलं बाळ पोटातल्या उबेतून गार खोलीत येतं आणि भराभर थंड पडतं. तुमची छाती त्याला ऊब देते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात, सिझेरियननंतर वडिलांच्या छातीवर ठेवलेली बाळं पाळण्यातल्या बाळांपेक्षा कमी रडली आणि लवकर शांत झाली. अर्थात बाळाला श्वासासाठी मदत लागली, तर आधी डॉक्टर, मग तुम्ही.

तो वहीत लिहून घेत होता. निघताना ती दाराशी थांबली.

"पहिला स्पर्श ह्याचा झाला, तर बाळ माझ्याकडे येईल ना?"

तासभर मी फक्त त्याच्याशीच बोलत होते, हे तेव्हा लक्षात आलं. दोघांना परत बसवलं. तुमचा आवाज ते पोटात असल्यापासून ऐकतंय, म्हटलं, आणि जन्मल्यावर तुमचा वासही त्याला ओळखीचा वाटतो. शिवाय पहिला नंबर तुमचाच. कमरेखालचीच भूल असेल आणि तुम्ही दोघं ठीक असाल, तर टाके चालू असतानाही बाळाला तुमच्या छातीवर ठेवता येतं. डॉक्टरांना आजच विचारून ठेवा. ते नाही जमलं, तर तुम्ही मोकळ्या होईपर्यंत बाबा.

तिने विचारलंही होतं. पण त्या दिवशी तिला भुलीनंतर हुडहुडी भरली, मळमळायला लागलं, आणि बाळ बाबाकडे गेलं. तो खुर्चीत मागे रेलून बसला. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट आणि टोपडं, पाठीवर पांघरूण, तोंड एका बाजूला. नाक मोकळं आहे ना, हनुवटी छातीला टेकली नाही ना, हे तो सारखं बघत होता. डोळा लागतोय असं वाटलं तर बाळ लगेच सिस्टरकडे द्यायचं, हे मी त्याला तीनदा बजावलं होतं. त्याची गरज पडली नाही. तो पापणीही लववत नव्हता म्हणे.

थोड्या वेळाने बाळ मान हलवत, तोंड उघडून काहीतरी शोधायला लागलं. "माझ्याकडे काय आहे याला द्यायला!" म्हणून त्याने सिस्टरला हाक मारली. बरोबर केलं. बाळ दूध शोधतंय, याचीच ती खूण. तोवर ती सावरली होती.

आठवड्याने तिचा फोन आला. दूध, टाके, झोप, सगळं सांगून झालं. मग म्हणाली, "माझ्या कुशीत दिलं ना, तेव्हा त्याच्या गालाला ह्याच्या छातीचा एक केस चिकटला होता. आधी तो काढला, मग पाजलं."