“अहो, सोडा ना” म्हटल्यावर कुणी सोडत नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतून रात्री साडेदहाला मोपेडनं घरी येता. मुलगी १९ वर्षांची, क्लास आटोपून मेट्रोनं सुभाषनगरला उतरते आणि पुढचं पायी येते. मागच्या आठवड्यात शेजारच्यांना चाकू दाखवून त्यांचा मोबाइल नेला, तेव्हापासून घरात कुणाला धड झोप नाही. विचारलंय ते असं: दोघांनी तीन महिन्यांचा कराटेचा क्लास लावावा का, पेपर स्प्रे कामाचा असतो का, आणि डिकीत एक चाकू ठेवला तर चालेल का.

चाकूचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही. कारण पुढे येईलच.

मी २२ वर्षं ज्युदो शिकवते आहे, प्रतापनगरकडे एका समाजभवनाच्या हॉलमध्ये. तेव्हा ‘क्लास लावू नका’ असं म्हणणं म्हणजे माझ्याच पोटावर पाय. पण तीन महिन्यांत माणूस लढायला शिकत नाही, हे मात्र मी फी घेण्याआधीच सांगते. तीन महिन्यांत येतं ते ओरडणं, अंतर राखणं, पडणं आणि दोन-तीन फटके. यातलं ओरडणं सगळ्यात कठीण, हे तुम्हाला खोटं वाटेल.

नव्या बॅचचा पहिला दिवस ठरलेला असतो. मी एकीचं मनगट घट्ट धरते आणि म्हणते, मी गुंड आहे, ओरड. समोरची आधी हसते. मग इकडेतिकडे बघते. मग बारीक आवाजात येतं, “अहो, सोडा ना!” गुंडाला अहो! एक बँकेतल्या बाई तर “भाऊ, प्लीज” म्हणाल्या. आपण नागपूरकर सगळ्यांनाच भाऊ म्हणतो, ऑटोवाल्याला भाऊ, भाजीवाल्याला भाऊ, मागून गाडी ठोकणाऱ्यालाही “काय भाऊ, दिसत नाही का?” पण त्या शब्दानं आवाज आपोआप खाली येतो, मान थोडी वाकते. समोरचा तेवढंच हेरतो. आवाज होणार नाही, तमाशा होणार नाही, ही बाई किंवा हा गृहस्थ चारचौघांत स्वतःची शोभा करून घेणार नाही, या हिशेबावर त्याचा धंदा चालतो.

म्हणून पहिले पंधरा दिवस आम्ही दोनच वाक्यं घोटतो. “मागं हो!” आणि “हात सोड!” एकेरी, पोटातून, श्वास बाहेर टाकत. हिंदीत “पीछे हट!” आलं तरी उत्तम, आपल्या रस्त्यावर निम्मं भांडण हिंदीतच होतं. श्वासाला महत्त्व आहे. घाबरल्यावर माणसाचा श्वास छातीत अडकतो, बोटं बधिर होतात, नजर समोरच्या एका ठिपक्यावर खिळते, कानाला धड ऐकू येत नाही. हे भित्रेपण नाही, अ‍ॅड्रेनालिन असंच काम करतं. ओरडताना श्वास सुटतो आणि त्यासोबत पायही सुटतात. मनगट मुरगळून टाकण्याचे नाजूक डाव त्या क्षणी आठवत नाहीत, बोटं ऐकतच नाहीत. मोठ्या स्नायूंचं काम तेवढं उरतं: ढकलणं, कोपर मारणं, पळणं.

तिसरं एक वाक्य मुलीकडून पाठ करून घ्या: “मी याला ओळखत नाही!” नुसतं “वाचवा” पुरत नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत शॉटलंड आणि स्ट्रॉ या दोन संशोधकांनी पुरुष बाईला झोंबतोय असं नाटक लोकांसमोर करून पाहिलं. बाई “मी तुला ओळखत नाही” म्हणाली तेव्हा ६५ टक्के लोक मध्ये पडले. “तुझ्याशी लग्न का केलं कोण जाणे” म्हणाली तेव्हा फक्त १९ टक्के. आपल्याकडेही ‘त्यांचं घरचं आहे, आपण कशाला पडा’ हेच चालतं. तेव्हा घरचं नाही, हे ओरडून सांगायचं.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे ‘मोबाइल देऊन टाका’ हा सल्ला कुठून आला ते कळेल. २०११ ची गोष्ट. सकाळी अंबाझरी तलावावरून फिरून येत होते, घराच्या वळणावर मागून गाडीवर दोन पोट्टे आले आणि मागच्यानं गळ्याला हात घातला. ज्युदोत आम्हाला एक गोष्ट हाडात मुरवतात, पकड सुटू द्यायची नाही. माझी सुटली नाही. गाडी पुढे, मी मागे, तीन-चार पावलं फरपटले आणि डाव्या हातावर पडले. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. काळे मणी रस्ताभर, आणि मुठीत अर्धं मंगळसूत्र. तेही कोणतं, तर एक ग्रॅमवालं. खरं लॉकरमध्ये होतं. चारशे रुपयांच्या मुलाम्यासाठी मी मनगट मोडून घेतलं, आणि वर शिकवायला ज्युदो!

तेव्हापासून नियम एकच ठेवला. वस्तू मागितली तर द्यायची. मोबाइल, पाकीट, गाडीची किल्ली, सगळं. द्यायचीही पद्धत आहे: हातात नेऊन द्यायची नाही, त्याच्या एका बाजूला टाकायची आणि आपण दुसऱ्या बाजूला निघायचं. तो खाली वाकेपर्यंत तुम्हाला दहा पावलं मिळतात.

पण “गाडीत बस”, “तिकडे चल जरा” असं म्हटलं, की हिशेब उलटा. उजेडातून अंधारात आणि माणसांतून एकांतात कुणी न्यायला बघत असेल, तर पुढच्या जागी तुमची बाजू आणखी पडकी असणार. तिथे जायचंच नाही. जे काय करायचं ते इथेच, पूर्ण ताकदीनं. तळहाताच्या टाचेनं नाकावर खालून वर, मुठीनं नाही, कारण सवय नसलेल्या माणसाची बोटंच आधी मोडतात. जवळ ओढलं असेल तर कोपर. गुडघा. सँडलची टाच त्याच्या पावलावर. मनगट धरलं असेल तर त्याच्या अंगठ्याच्या बाजूनं झटका द्यायचा, पकडीची फट तिथेच असते. एक-दोन लागले की पळायचं. अजून एक मारून बघू, हा मोह फार वाईट.

चाकूबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुमच्या शेजाऱ्यांचं तेच झालं. मोबाइलवर चाकू हिसकावण्याचे व्हिडिओ धो-धो येतात. त्यातला मारेकरी एकदाच हात पुढे करतो आणि तसाच धरून ठेवतो. खरा माणूस सुईसारखा आत-बाहेर करतो, सेकंदात तीनदा. डेनिस ट्युलर नावाच्या सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस प्रशिक्षकानं १९८३ मध्ये लिहिलं, की चाकू घेतलेला माणूस २१ फूट साधारण दीड सेकंदात पार करतो. २१ फूट म्हणजे आपल्या हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. तेवढ्यात पोलिसालाही कमरेचं पिस्तूल काढायला जेमतेम जमतं. तुम्ही तर मोपेडवर हेल्मेट घालून बसलेले. तेव्हा अंतर वाढवा, मध्ये काहीतरी आणा: गाडी, बॅग, बाकडं, लॅपटॉपची थैली. वार लागलाच आणि पातं अंगात राहिलं, तर ओढून काढू नका. आजूबाजूनं कापड दाबून धरा आणि तसंच हॉस्पिटलात जा.

डिकीतला चाकू या सगळ्यात कुठे बसतो? घाईत तो तुमच्या हातात येणार नाही. डिकी उघडायलाच किल्ली लागते. आलाच, तर तुम्हाला वापरता येत नाही आणि समोरच्याला येतो. आणि नाकाबंदीत सापडला तर तुम्हालाच खाली उतरवतील. ‘४/२५ सह १३५’ हे पेपरात रोज वाचता ना? चार-पंचवीस म्हणजे शस्त्र कायदा आणि १३५ म्हणजे महाराष्ट्र पोलीस कायद्यातलं मनाई आदेश मोडल्याचं कलम. भाजीचा चाकू स्वयंपाकघरात आहे तोवर भाजीचा, रात्री साडेदहाला डिकीत तो कशाचा, हे तुम्हाला पटवून द्यावं लागेल.

हात उचलण्याचा अधिकार मात्र कायद्यानं दिलाय, त्याला घाबरू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिची ३४ ते ४४ ही कलमं स्वसंरक्षणाची. आधी भारतीय दंड संहितेत हीच ९६ ते १०६ होती. कलम ३७ सांगतं, की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. ३८ मध्ये जीव घेण्यापर्यंत अधिकार कधी जातो ते आहे: जिवाची किंवा जबर दुखापतीची भीती, बलात्कार, अपहरण, अ‍ॅसिड फेकणं वगैरे. गरज ग्रॅमवर मोजत बसा असं कोर्टही म्हणत नाही. दर्शनसिंह विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय, की धोक्यात सापडलेल्या माणसानं प्रत्येक वार तोलूनमापून करावा अशी अपेक्षा ठेवता येत नाही. पण चोर पळाल्यावर गाठून चौकात चोपणं हे स्वसंरक्षण नाही. तिथे तुम्ही आरोपी.

पेपर स्प्रे घ्या, परवाना लागत नाही. पण पर्सच्या तळाशी, कंगवा आणि बिलांच्या खाली असला तर नसल्यासारखाच. सुनसान रस्त्यावर तो हातात हवा. वारा बघायचा, समोरून वारा असेल तर आपलेच डोळे जातात. त्यानं माणूस जागच्या जागी कोसळत नाही, आंधळेपणानं पुढे येऊ शकतो, म्हणून फवारला की बाजूला सरकून पळायचं. आणि एक खास आपल्या गावासाठी: मे महिन्यात तो उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. बाहेर ४५ असताना आत काय होत असेल ते सांगायला नको. दाबाचा डबा आहे तो. तारीख उलटली की बदला.

मुलीच्या वाटेबद्दल. मेट्रो स्टेशनात उजेड असतो, माणसं असतात. प्रश्न जिना उतरल्यावरच्या सात-आठ मिनिटांचा. जिना उतरण्याआधी फोनवरचं बोलणं संपवायचं, इयरफोन काढायचे. उन्हाळ्यात तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला असतो, तो कानावरून तरी सैल करायचा. आणि वाटेवरच्या पानठेलेवाल्याशी ओळख करून द्या, तुम्ही स्वतः सोबत जाऊन. पोट्टे उभे असतात म्हणून आपण पानठेला टाळतो, रस्ता ओलांडून जातो. पण रात्री अकराला खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, घोटत बसलेला तो एकच माणूस त्या रस्त्यावर जागा असतो, आणि कोण रोजचं, कोण नवं, हे त्याला पोलिसांपेक्षा आधी कळतं. माझ्या एका विद्यार्थिनीच्या मागे गाडी हळूहळू चालत होती. ती सरळ ठेल्यावर जाऊन उभी राहिली. ठेलेवाल्यानं घोटायची पन्नी खाली ठेवली आणि फक्त त्या गाडीकडे बघितलं. गाडी गेली.

तुमच्या वाटेवर कुत्री मागे लागत असतील. वेग वाढवू नका, बहुतेक पडापड त्यातूनच होते. हळू करा, जमलं तर थांबा. चावलंच, तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन.

काही घडलंच तर ११२. आधी जागा सांगा, रडणं नंतर. चौकाचं नाव, मेट्रोच्या खांबावरचा नंबर, समोरच्या दुकानाची पाटी. बऱ्याच स्मार्टफोनवर पॉवरचं बटण लागोपाठ पाचदा दाबलं की आपत्कालीन फोन लागतो, आज रात्री दोघांचेही फोन सेटिंगमध्ये जाऊन बघा. फोन गेला असेल तर पहिलं काम सिम आणि यूपीआय बंद करणं, मग कोणत्याही पोलीस ठाण्यात एफआयआर. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, प्रतही फुकट मिळते. मग सरकारच्या संचार साथी या वेबसाइटवर फोन ब्लॉक करा. त्यासाठी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, लागतो, तो आत्ताच स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून वहीत लिहा. फोनमध्येच लिहून ठेवू नका, असे महाभाग मी पाहिलेत.

क्लास बघायला जाल तेव्हा एवढं पाहा: पहिल्या महिन्यात पडायला शिकवतात का? तुमच्या वयात, दुखऱ्या गुडघ्यानं, मारामारीपेक्षा पडूनच जास्त मोडतं. हनुवटी छातीला, हात टेकवायचा नाही, आपटायचा. एवढं जरी बसलं तरी बाथरूममध्येसुद्धा उपयोगी पडतं. आणि जो सर “बंदूकवालाही आडवा होईल” म्हणतो, त्याला नमस्कार करून परत या.

ओरडण्याचा सराव मात्र क्लासची वाट न बघता गच्चीवर सुरू करा. फक्त आधी खालच्या मजल्यावर सांगून ठेवा. माझी एक विद्यार्थिनी न सांगता सकाळी सातला गच्चीवर जाऊन “मागं हो!” म्हणून ओरडली. दोन मिनिटांत खालचे काका बनियनवर, हातात झाडू, त्यांच्यामागे काकू लाटणं घेऊन, आणि समोरच्या गच्चीवरून दोघं “काय झालं बे?” विचारत. काकूंचे पोहे करपले म्हणे त्या दिवशी.